न उठलेल्या सभेचे नगर

युरोपातील जुनी नगरे बहुधा आपल्या आयुष्यातील एखाद्या दिवसावर कीर्ती चालवितात. कोणास एक लढाई पुरते, कोणास एक राज्याभिषेक, कोणास एखाद्या धर्मसुधारकाने चर्चच्या दारापुढे घालविलेली सकाळ. मग त्या दिवसाचे स्मारक चौकात उभे राहते, त्याची चित्रे दुकानांतून विकली जातात, आणि उरलेली शतके त्या एका दिवसाच्या सावलीत निमूट बसून असतात. डॅन्यूब नदी आपल्या दीर्घ प्रवासात ज्या ठिकाणी उत्तरेची सीमा गाठते आणि तेथून खाली वळते, त्या वळणावर वसलेल्या रेगेन्सबुर्ग नगराचा मोठेपणा मात्र अशा एका दिवसात सापडावयाचा नाही. तेथे मोठ्या दिवसांची वाण आहे असे नाही. मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाच्या कारकिर्दीत, इ. स. १७९ मध्ये, येथे लष्करी तळ उभा राहिला. तिसऱ्या धर्मयुद्धासाठी सम्राट फ्रीड्रिख बार्बारोसा ११८९ मध्ये येथूनच निघाला. १८०९ मध्ये याच तटाखाली नेपोलियनच्या पायास गोळी लागली. पण या नगराचे खरे चरित्र म्हणजे १६६३ च्या जानेवारीत भरलेली आणि १८०६ च्या ऑगस्टपर्यंत न उठलेली एक सभा होय.

माझी नोकरीची वर्षे जुन्या मराठी कागदपत्रांच्या सहवासात गेली, आणि त्यांतही दिल्लीच्या दरबारी पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगणे घराण्याचे दप्तर मला विशेष प्रिय. दरबारात आज कोणाचा मुजरा झाला, कोणत्या अमिराची मसलत कोणीकडे झुकते आहे, खर्चास पैका उरला नाही, सावकार दाराशी बसला आहे, हुजुरून आज्ञा येईल तसे वर्तू, असा मजकूर वर्षानुवर्षे लिहीत परमुलखात दिवस काढणाऱ्या त्या मंडळींविषयी मला नेहमीच एक प्रकारचा आपलेपणा वाटत आला. रेगेन्सबुर्गची ती सभाही पुढे अशाच वकिलांची झाली. त्यामुळे, मुलाकडे म्युनिकला मुक्कामास असता एक दिवसाची सहल कोठे काढावी असा प्रश्न घरात निघाला, तेव्हा मी रेगेन्सबुर्गचे नाव पुढे केले. ते मान्य होण्यास मात्र अवकाश लागला. चिरंजीवांना न्युर्नबर्ग हवे होते, सूनबाईंना आल्प्सच्या पायथ्याचे एखादे सरोवर, नातवाला जेथे किल्ला असेल ते कोणतेही गाव, आणि आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे एवढेच की, जेथे फार चढावे लागणार नाही तेथे जावे. प्रत्येकास नकाराचा अधिकार आणि कोणासही निर्णयाचा अधिकार नाही अशी ती बैठक पाहून मला वाटले, जर्मन साम्राज्याची ती चिरंतन सभा समजावून घेण्यास यापेक्षा चांगली पूर्वतयारी कोणती असणार! शेवटी न्युर्नबर्गला जाणारी गाडी आमच्या वेळेची नव्हती या एकाच कारणाने माझा ठराव संमत झाला.

बव्हेरिया प्रांतात एका दिवसाचे एक सामाईक तिकीट मिळते. पाच माणसांनी मिळून काढावे आणि प्रांतभर कोठेही हिंडावे. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर चालते, म्हणून फलाटावर नऊच्या ठोक्याची वाट पाहणारी सहकुटुंब मंडळी बरीच दिसतात. फ्रायझिंग, लान्ड्सहूट अशी गावे मागे टाकीत दीड तासात गाडी रेगेन्सबुर्गला पोहोचली. स्थानकातून सरळ उत्तरेस जाणारा रस्ता ओलांडून जुन्या पेठेत शिरताच गल्ल्या अरुंद होतात आणि घरांच्या मधूनच चौकोनी, उंच, दगडी मनोरे वर निघालेले दिसू लागतात. हे मनोरे युद्धासाठी नव्हेत. मध्ययुगात इटलीशी व्यापार करून गबर झालेल्या येथील सावकार घराण्यांनी केवळ एकमेकांस दाखविण्यासाठी ते बांधले. पुढे व्यापार दुसऱ्या गावांकडे गेला, नवे बांधण्यास पैसा उरला नाही, आणि त्या दारिद्र्याने जे राखले ते वैभवाने खचित पाडले असते. महायुद्धात १९४३ च्या ऑगस्टमध्ये बॉम्ब पडले ते गावाबाहेरच्या मेसरश्मिट विमानांच्या कारखान्यावर. जुनी पेठ बहुतांशी वाचली. जर्मनीतील अनेक नगरांतून जुने म्हणून जे दाखविले जाते ते पुन्हा उभारलेले असते. येथे जुने ते खरोखरच जुने आहे.

जुन्या नगरसभागृहातील साम्राज्य-सभेचे दालन पाहावयास वाटाड्याबरोबरच जावे लागते. चौदाव्या शतकात नगराने नृत्य-मेजवान्यांसाठी बांधलेले हे दालन प्रथमदर्शनी काहीसे निराशाच करते. रंगविलेले लाकडी छत, भिंतीलगत बाके, एका अंगास छत्राखाली सम्राटाचे आसन. परंतु दृष्टी स्थिरावली म्हणजे ध्यानात येते की, या दालनात सारा अर्थ पायऱ्यांत आहे. सम्राट सर्वांहून उंचावर. त्याच्या खाली, पण इतरांहून वर, सम्राटाची निवड करणारे निर्वाचक राजे. त्यांच्याही खाली इतर राजे आणि बिशप. आणि स्वतंत्र नगरांचे प्रतिनिधी मात्र थेट जमिनीच्या पातळीवर. आसनाच्या उंचीवरून माणसाची किंमत ठरविण्याची ही पद्धत आपल्याकडच्या दरबारांना अपरिचित नव्हतीच. येथील वकिलांनीही मानपानाचे तंटे मोठ्या निष्ठेने लढविले. कोणाच्या खुर्चीस तांबडे कापड असावे आणि कोणाच्या हिरवे, एवढ्यावरून महिने गेल्याचे इतिहासकार हसत हसत सांगतात.

मला त्यांचे हे हसणे फारसे रुचत नाही. सभा भरली ती तुर्कांशी लढण्यास द्रव्य आणि फौज हवी म्हणून. सम्राट पहिला लिओपोल्ड याला मदत मिळाली, १६६४ च्या ऑगस्टमध्ये संक्ट गोटहार्ड येथे तुर्कांचा पराभवही झाला. पण सम्राटाचे अधिकार किती आणि राजांचे किती, हा १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून लोंबकळत राहिलेला प्रश्न सुटेना, आणि तो सुटल्यावाचून समारोपाचा ठराव लिहिता येईना. सभा चिरंतन करावी असे कोणी कधी ठरविलेच नाही. ती उठविण्याचे कोणास जमले नाही, इतकेच. हळूहळू राजांनी स्वतः येणे सोडले, त्यांच्या जागी वकील आले, वकिलांनी घरे घेतली, त्यांच्या बायकामुलांचा संसार मांडला गेला, आणि सभा हा नगराचा एक धंदाच होऊन बसला. स्वतः सम्राटाचीही जागा त्याचा मुतालिक सांभाळू लागला. १७४८ पासून हे काम टूर्न उंट टाक्सिस घराण्याकडे आले. पिढ्यान्‌पिढ्या साम्राज्याची डाक चालविणारे हे घराणे. निरोप पोहोचविणाऱ्यांच्या हाती सभेची सूत्रे यावीत यात विसंगत असे काहीच नव्हते, कारण सभेचे निम्मे आयुष्य डाकेची वाट पाहण्यातच जात असे.

तिची कार्यपद्धती वाटाड्या बाईने सांगितली ती ऐकताना मी आपल्या फडाच्या आठवणीत गढून गेलो. कोणताही अर्ज वा फिर्याद प्रथम माइन्त्सच्या निर्वाचकाच्या दप्तरात दाखल व्हायची, कारण तो साम्राज्याचा मुख्य चिटणीस. मग त्या दप्तरातील कारकून तो मजकूर एका खोलीत मोठ्याने वाचून दाखवी, आणि साऱ्या वकिलांचे लेखक तो शब्दशः उतरवून घेत. नकला आपापल्या राजांकडे रवाना होत. तेथून आज्ञा आल्या म्हणजे तिन्ही मंडळे, निर्वाचकांचे, राजांचे आणि नगरांचे, निरनिराळ्या खोल्यांत बसून आपापले मत बनवीत. पहिल्या दोन मंडळांची मते जुळेपर्यंत जाबसाल चालत. ती जुळली म्हणजे नगरांस विचारावयाचे. आणि तिघांचा मिळून जो अभिप्राय तयार होई तो सम्राटापुढे जाऊन त्याची मंजुरी मिळेल तेव्हा कोठे तो कायदा. धर्माची बाब निघाली तर याहूनही निराळा नियम. तेथे बहुमत चालावयाचेच नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोहोंनी वेगवेगळे बसावे, आणि सामोपचाराने एकमत होईल तेवढेच खरे मानावे. तीस वर्षे एकमेकांची गावे जाळल्यानंतर त्याच १६४८ च्या तहात हे कलम आले होते. ज्यांनी ते लिहिले त्यांना मोजलेल्या हातांनी धर्माचा निकाल लावण्याचा परिणाम पुरता ठाऊक होता. आज ज्याला आपण दिरंगाई म्हणून नावे ठेवतो तिच्यातला बराचसा भाग अशा शहाणपणाने मुद्दाम घातलेला असतो, असे मला त्या ओक्याबोक्या दालनात उभे असताना प्रकर्षाने वाटले.

सभा भरली त्याच वर्षी, चैत्रात, पुण्याच्या लाल महालात शाहिस्तेखानाची बोटे तुटली. म्हणजे इकडे वकील आपापल्या खुर्च्यांची जागा ठरवीत होते तेव्हा तिकडे एक राज्य आकारास येत होते. त्या सभेच्या डोळ्यांदेखत मराठ्यांचे राज्य उभे राहिले, दिल्लीपलीकडे पसरले आणि उताराला लागले. अखेरही दोघांची जवळजवळ एकाच सुमाराची. १८०२ च्या ३१ डिसेंबरला बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १८०३ च्या २५ फेब्रुवारीस, रेगेन्सबुर्गमध्ये साम्राज्याच्या एका समितीने, पाठीशी नेपोलियनचा धाक असताना, शेकडो वर्षांची धर्मसंस्थाने आणि बहुतेक सारी स्वतंत्र नगरे एका निवाड्याने पुसून टाकली. जी सभा खुर्चीच्या कापडावर महिने घालवी, तिने आपल्या अर्ध्याहून अधिक सभासदांचे अस्तित्व काही आठवड्यांत बिनतक्रार मंजूर करून टाकले. त्यानंतर तिच्यात जीव तो काय राहणार! १८०६ च्या १ ऑगस्टला ऱ्हाइनकाठच्या राजांनी आपण साम्राज्यातून निघालो असे तेथे वाचून दाखविले. ६ ऑगस्टला सम्राट फ्रान्सिसने व्हिएन्नात मुकुट उतरविला.

दालनाच्या खाली तळघरात न्यायचौकशीची जागा आहे आणि ती जशीच्या तशी राखली आहे. शिडी, दोर, वजने, आणि आरोपीचा कबुलीजबाब लिहून घेणाऱ्यांसाठी जाळीमागे बसण्याची सोय. सौभाग्यवती दाराशीच थांबल्या. नातू आत गेला आणि लगेच बाहेर आला. वर शब्दांची एवढी नाजूक जपणूक आणि खाली हे. दोहोंच्या मध्ये एका मजल्याचे अंतर. मी त्यावर फार बोलणार नाही, कारण माझ्या आवडत्या सभेच्या कैफियतीत हा कागद बसत नाही आणि तो काढून टाकणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुपारी नदीकाठी आलो. तेथला दगडी पूल ११३५ ते ११४६ या अकरा वर्षांत बांधला. तीनशे मीटरांहून लांब, मुळात सोळा कमानींचा, आणि कित्येक शतके या टापूत डॅन्यूबवर दुसरा पक्का पूल नव्हता. त्याच्यासमोरच्या कॅथीड्रलचे बांधकाम तेराव्या शतकात सुरू झाले आणि शिखरे चढली ती १८६९ मध्ये. तरीही दंतकथा अशी की, पूल बांधणारा आणि कॅथीड्रल बांधणारा यांच्यात पैज लागली, पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली, आणि पहिल्याने पूल ओलांडणाऱ्यांचे आत्मे देण्याचे कबूल करून ऐन वेळी कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा पुढे हाकलला. पुलाच्या मध्यावर डोळ्यांवर हात धरून कॅथीड्रलकडे पाहणारा एक दगडी मनुष्य बसविला आहे. अजून किती राहिले, असे तो पाहतो आहे म्हणे. कालगणना या कथेला मुळीच साथ देत नाही, कारण कॅथीड्रलचा पाया घातला गेला तेव्हा पूल शंभर वर्षांचा जुना होता. आणि हेही कबूल केले पाहिजे की, दिरंगाईचे कितीही गोडवे गाइले तरी पूल बांधावयाचा तो अकरा वर्षांतच बांधावा. सहाशे वर्षांत बांधलेल्या पुलाचा कोणास काही उपयोग नाही.

पुलाच्या पायथ्याशी, मिठाच्या जुन्या कोठाराला लागून, कोळशावर सॉसेज भाजून देणारे एक इवलेसे उपाहारगृह आहे. त्याच्या भिंतीवर निरनिराळ्या वर्षी नदी कोठवर चढली त्याच्या खुणा आहेत. काही खुणा माणसाच्या डोक्यावर. चिरंजीव आणि नातू आंबवलेल्या कोबीबरोबर आणि गोडसर मोहरीबरोबर सॉसेज खाण्यास रांगेत उभे राहिले. आम्ही उभयतांनी आणि सूनबाईंनी काठावरच्या बाकावर बसून दशम्या आणि दाण्याची चटणी काढली. समोरून पाणी इतक्या वेगाने वाहत होते की, पुलाच्या दगडी चौथऱ्यांपाशी त्याचे भोवरे होत आणि त्यांचा आवाज बोलण्यात अडथळा आणी. हे गाव शांत असले तरी त्याची नदी मुळीच शांत नाही.

जेवणानंतर नॉयफारप्लात्स या चौकात आलो. मधोमध एक चर्च आहे आणि त्याच्या बाजूला जमिनीवर पांढऱ्या दगडासारख्या काँक्रीटचा एक उथळ आराखडा. कोठे पायरीएवढी उंची, कोठे खांबाचे बुंधे. मुले त्यावरून उड्या मारतात, थकलेले प्रवासी बसतात. नातूही जाऊन खेळू लागला आणि कोणी त्यास हटकले नाही, कारण शिल्पकार दानी कारावान याने २००५ मध्ये ते केले ते माणसांनी तेथे एकत्र बसावे म्हणूनच. तो आराखडा ज्यू लोकांच्या प्रार्थनागृहाचा आहे. या चौकाच्या जागी त्यांची वस्ती होती, जर्मन भूमीवरील अतिशय जुन्या वस्त्यांपैकी एक.

ती कशी गेली हे सांगितल्यावाचून या नगराविषयीचे माझे म्हणणे पुरे होत नाही. नगराला ज्यू नकोसे झाले होते. ते सम्राटाच्या आश्रयाखाली आणि त्यास कर देणारे, म्हणून नगराला त्यांस हात लावता येईना. तंटा सम्राटाच्या न्यायासनापुढे वर्षानुवर्षे पडून होता, कागदावर कागद चढत होते, निकाल लागत नव्हता. १५१९ च्या १२ जानेवारीला सम्राट माक्सिमिलियन वारला. नवा सम्राट निवडला जाईपर्यंत गादी रिकामी. दाद मागावयाची तर कोणाकडे? चाळीस दिवसांत, २१ फेब्रुवारीला, नगरसभेने हद्दपारीचा ठराव केला. ऐन हिवाळ्यात सारी वस्ती बाहेर काढली गेली, प्रार्थनागृह पाडले, दफनभूमी उखडली आणि तिच्यातील लेखांकित दगड नेऊन लोकांनी विजयचिन्हे म्हणून आपल्या घरांच्या भिंतींत बसविले. पाडकामात एक गवंडी पडला आणि जगला. तो मेरीमातेचा चमत्कार ठरला, त्या जागी लाकडी देऊळ उभे राहिले, आणि यात्रेकरूंची रीघ लागली. आल्ब्रेख्त आल्टडोर्फर हा थोर चित्रकार त्या वेळी नगरसभेचा सभासद होता. प्रार्थनागृह पाडण्यापूर्वी त्याने त्याच्या द्वारमंडपाची आणि अंतर्भागाची अशी दोन कोरीव चित्रे केली. आज ती वास्तू डोळ्यांपुढे येते ती त्याच चित्रांमुळे. पाडण्याच्या ठरावात ज्याचा भाग होता त्याच्याच हाताने ती वाचली, याचे काय करावे हे मला अद्याप कळलेले नाही. पण एवढे मात्र त्या चौकात स्पष्ट झाले की, तो न संपणारा खटला, ती कंटाळवाणी तहकुबी, हेच त्या लोकांचे खरे संरक्षण होते; आणि नगराने अंमळ चपळाई दाखविली तो त्याच्या इतिहासातला सर्वांत काळा महिना ठरला.

माझा हा सिद्धान्त मी मंडळींपुढे मांडीत चाललो असता केप्लरच्या घराशी पोहोचलो, आणि तेथे सूनबाईंनी तो मोडून काढला. योहानेस केप्लर, ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा, १६३० च्या हिवाळ्याच्या तोंडी घोड्यावर बसून या गावी आला तो पगाराची थकबाकी मागावयास. सम्राटांकडे त्याचे सुमारे बारा हजार नाणी येणे होते. सम्राटाने ती वरात सेनापती वालेन्स्टाइनवर काढून दिली होती, आणि त्या वर्षी रेगेन्सबुर्गला जमलेल्या निर्वाचकांनी त्याच वालेन्स्टाइनला सेनापतिपदावरून दूर करविले होते. म्हणजे वरात ज्याच्यावर, त्याचीच बडतर्फी. वाटेत गारठ्याने तापलेला केप्लर येथे येऊन अंथरुणास खिळला आणि १५ नोव्हेंबरला गेला. त्याला तटाबाहेर पुरले. पुढे युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली आणि त्याची समाधीही आज सापडत नाही.

“बाबा,” सूनबाई म्हणाल्या, “तुमच्या त्या वकिलांचा पगार दरमहा येत होता. यांची बायको मुलांना घेऊन घरी वाट पाहत होती. तिला विचारायला हवं होतं, उशीर किती सुंदर असतो ते.” त्यांचा स्वतःचा परवान्याचा कागद येथील एका कचेरीत बरेच दिवस अडकलेला आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मी प्रत्युत्तर केले नाही. खरे म्हणजे प्रत्युत्तर नव्हतेच. हिंगण्यांच्या पत्रांतही दाराशी बसलेला सावकार असतो, आणि तो वाचताना मी नेहमी त्या ओळींवरून भरभर पुढे गेलेला असतो.

तरीही केप्लरच्याच चरित्रात माझ्या बाजूचाही एक पुरावा आहे. पोपने १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग कॅथलिकांनी घेतले आणि प्रॉटेस्टंटांनी केवळ ते पोपचे म्हणून नाकारले. त्यामुळे एकाच जर्मन देशात शेजारशेजारच्या गावांतून दहा दिवसांच्या फरकाच्या तिथी चालत. १६१३ मध्ये याच रेगेन्सबुर्गला भरलेल्या सभेत केप्लरने, स्वतः प्रॉटेस्टंट असून, नव्या पंचांगाची बाजू मांडली. कोणी ऐकले नाही. अखेर १६९९ मध्ये येथेच प्रॉटेस्टंट वकिलांनी मिळून तो बदल मान्य केला आणि १७०० च्या १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च उजाडला. मधली शहाऐंशी वर्षे त्या प्रश्नावर भांडणे झाली, पण मतदान करून कोणी कोणावर पंचांग लादले नाही. ज्यांच्या घरात टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्यावरून अधिक महिन्याच्या वर्षी दिवाळीची तारीख ठरता ठरत नाही, अशा आम्हां महाराष्ट्रीयांनी तरी त्या वर्षांना फार म्हणू नये. सौभाग्यवतींचे माहेर कोकणातले, टिळक पंचांगवाले. त्या यावर एवढेच म्हणाल्या की, केप्लर आमच्या बाजूचा असणार.

त्रिमूर्तीच्या प्रॉटेस्टंट चर्चलगत वकिलांची दफनभूमी आहे. ती पाहावयास माझ्याबरोबर कोणीच आले नाही, आणि ते बरेच झाले. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या त्या भव्य शिळांवर पदव्यांच्या लांबच लांब ओळी, ढाली, मुकुट, देवदूत, कवट्या; कोणी स्वीडनच्या राजाचा वकील, कोणी सॅक्सनीचा, कोठे लहान वयात गेलेले एखादे मूल. हुजुरून आज्ञा येईल म्हणून थांबले आणि थांबता थांबता येथेच राहिले. सर्वांनाच हे थांबणे मानवत नसे. जॉर्ज एथरेज हा इंग्रज नाटककार १६८५ पासून चार वर्षे आपल्या राजाचा वकील म्हणून येथे होता. लंडनच्या नाटकशाळा आणि मैफली सोडून आलेल्या त्या रंगेल गृहस्थाने येथून धाडलेल्या पत्रांत या गावाच्या कंटाळवाणेपणाविषयी पुष्कळ कुरकुर केली आहे. मला त्याचे दुःख समजते. पण ज्या देशात तीस वर्षे तोफा बोलल्या, तेथे पुढची पिढी कंटाळू शकली, हेही काही थोडे नव्हे.

गाडीला अजून वेळ होता, म्हणून चिरंजीवांनी आम्हांस पूर्वेकडच्या एका मोठ्या चौकातून नेले. आता त्याचे नाव डाखाउप्लात्स. १९४५ च्या २३ एप्रिलला अमेरिकन फौज जवळ आली असताना, येथे गावातल्या बायका मुलांना घेऊन जमल्या आणि नगर न लढता द्यावे अशी मागणी करू लागल्या. त्याच दिवशी आपल्याच लष्कराने दगडी पुलाच्या कमानी सुरुंगाने उडविल्या. कॅथीड्रलचा धर्मोपदेशक योहान मायर गर्दीला शांत करावयास पुढे झाला आणि शांतपणे विनंती करावी, बंड करू नये, असे तो सांगत असतानाच त्यास धरून नेले. त्या रात्रीच झटपट निकालाचे न्यायालय बसले. तेथे कोणी मजकूर वाचून दाखविला नाही, कोणाचा लेखक नक्कल घेत नव्हता, कोणत्याही हुजुराकडून डाक येण्याची वाट पाहावयाची नव्हती. पहाटे त्याला आणि योझेफ त्सिर्कल नावाच्या एका कामकऱ्याला याच चौकात फाशी दिले. २७ एप्रिलला, म्हणजे तीनच दिवसांनी, नगर न लढता अमेरिकनांच्या स्वाधीन झाले. जे मागितल्याबद्दल ते दोघे फासावर गेले, ते तेवढ्याच अवधीत आपोआप घडून आले.